पेच कसा?

“रघुवीरजी, तुम्ही खरे कोण? मारणारे की वाचवणारे?”

प्रश्न विचारला अंबिकेनं, पण तो तिचा नव्हता. तो शारदा आणि रमा या तिच्या मैत्रिणींचा होता. शूटिंग बघायला आलेल्या गर्दीत त्या दोघी दोराच्या पलीकडे उभ्या होत्या आणि इतका वेळ अंबिकेला कोपरानं ढोसत होत्या. “वर्गात फार तोंड चालतं ना तुझं? मग जा की! विचारून दाखव त्या राक्षसाला. नाही विचारलंस तर सोमवारी फळ्यावर तुझं नाव लिहू, भित्री अंबी म्हणून.” पंधरा वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं. अंबिकेनं दप्तर छातीशी धरलं, दोराखालून वाकून आत शिरली आणि थेट सिनेमाच्या नटासमोर जाऊन उभी राहिली.

मित्रांनो, त्यानंतर पाच मिनिटांत एका माणसाचं पोट फाटलं. ते मीच फाडलं. म्हणून ही हकीकत मलाच सांगितली पाहिजे.

मी एक जुना खंजीर आहे. जुना म्हणजे काही राजेरजवाड्यांच्या वेळचा नाही हं! होळकरांचं राज्य जाऊन मध्यभारत झाला, त्या वर्षीचा माझा जन्म. पण पाच वर्षांत मी इतकी माणसं मारली आहेत, की खऱ्या लढाईतल्या तलवारीनंसुद्धा माझ्यापुढं मान खाली घालावी.

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात बाळकृष्ण मिस्त्री म्हणून गिरणीतले फिटर राहायचे. त्यांनी मला घडवलं. माझं पातं म्हणजे एक झिजलेली कानस. मिस्त्रींनी तिला भट्टीत घालून लाल केलं, ऐरणीवर आडवं पाडलं आणि वरून घण घातले. धाड! धाड! धाड! तुम्हाला कधी कुणी इतकं मारलं आहे का? मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. मग त्यांनी मला तसंच तापलेलं पाण्यात बुडवलं. मी असा किंचाळलो, की शेजारची कोंबडी फडफडत पत्र्यावर जाऊन बसली. माझा जन्मच मुळी मारामारीत झाला.

पण माझ्या पोटात एक गंमत आहे. मोडक्या मागाची एक स्प्रिंग मिस्त्रींनी माझ्या मुठीत बसवली आणि मुठीच्या बुडाशी पितळेचा एक पेच लावला. पेच ढिला असला, की माझ्या टोकावर जरासा दाब पडताच सबंध पातं सर्रकन मुठीत शिरतं. बघणाऱ्याला वाटतं, घुसलं अंगात! आणि पेच घट्ट केला, की पातं जागचं हलत नाही. तेव्हा मला फेकलं तर मी लाकडी खांबात चार बोटं रुतून थरथरत उभा राहतो. ढिल्या पेचाचा मी खोटा, घट्ट पेचाचा मी खरा.

हे सगळं ज्याच्यासाठी केलं तो रघुवीर. गिरणीतल्या कारकुनाचा मुलगा. गणपतीच्या दिवसांत मेळ्यातून कामं करून करून त्याला नाटकाचं वेड लागलं आणि मला कमरेला खोचून तो मुंबईला सिनेमात काम शोधायला गेला. जाताना त्याची आई, सखुबाई, म्हणाली, “अरे, खंजीर घेऊन चाललास, पोळ्या तरी घे!”

पहिल्याच चित्रपटात त्यानं माझ्याकडून एका म्हाताऱ्या जमीनदाराला मारवलं. दुसऱ्यात त्यानं दरोडेखोरांच्या तावडीतून एक गाव सोडवलं आणि सरदाराच्या छातीत मी. तिसऱ्यात तो सख्ख्या भावाचा गळा चिरणारा सावकार झाला. चौथ्यात अंध बहिणीसाठी जीव देणारा शिपाई. एकदा असा, एकदा तसा. काही नट आयुष्यभर चांगलेच असतात, काहींच्या भुवयाच अशा, की ते जन्मभर वाईटच. माझ्या रघुवीरला दोन्ही जमायचं, आणि असं जमायचं, की कॅमेऱ्यामागची माणसं जेवायच्या सुट्टीत त्याच्याजवळ बसायचं का नाही, हे त्या दिवशीच्या कामावर ठरवायची!

मला मात्र एक गुपित ठाऊक होतं. तो दुष्ट माणसाचं काम करायचा तेव्हा त्याचा तळहात कोरडा ठणठणीत असायचा. आणि चांगल्या माणसाचं काम असलं, की घामानं माझी मूठ निसरडी व्हायची. मला याचं फार नवल वाटायचं. पुढं कळलं. दुष्टाला कुणाला वाचवायचं नसतं ना, मग त्याला भीती कसली?

आणि त्याची एक सवय होती. शॉटच्या आधी, दर वेळी, अगदी दर वेळी, तो डावा हात पसरायचा आणि मला स्वतःच्याच तळहातावर जोरानं मारून बघायचा. पातं आत गेलं, की मग पुढं. पाच वर्षांत एकदाही चुकला नाही. त्याच्या तळहातावर माझ्या टोकाचा तिळाएवढा डाग पडला होता.

आता इंदूरच्या लोकांबद्दल सांगतो. आपली माणसं सिनेमा बघत नाहीत, सिनेमात राहायला जातात! रघुवीर शिपाई झाला त्या वर्षी परदेशीपुऱ्यात त्याच्या दारात नारळ फुटले. आदल्या वर्षी तो सावकार झाला होता, तेव्हा भाजीवाल्या जनाबाईनं सखुबाईला वांगी द्यायचं नाकारलं. “खुन्याच्या आईला माझ्याकडून देठसुद्धा मिळायचं नाही!” सखुबाई घरी येऊन हसून हसून रडली. म्हणाली, “रघू, शिव्या पडल्या रे! म्हणजे काम झकास झालं.” एकदा तर महूच्या छावणीतला एक शिपाई रजेवर टॉकीजमध्ये आला होता. पडद्यावर रघुवीरनं मला उगारताच त्या गड्यानं कमरेचा पट्टा सोडला, धावत पुढं गेला आणि पडद्याची चांगली दोन हात लांब चिंधी केली. त्या वेळी रघुवीर मफलर गुंडाळून मागच्या रांगेत बसला होता. मी त्याच्या कोटात होतो. त्याची छाती ढोलासारखी वाजत होती, आणि मित्रांनो, खोटं कशाला बोलू, ती आनंदानं वाजत होती.

हा आनंदच पुढं महाग पडला.

त्या शनिवारी नदीकाठच्या होळकरांच्या छत्र्यांपाशी, म्हणजे त्यांच्या जुन्या समाध्यांपाशी, शूटिंग होतं. या नव्या चित्रपटात रघुवीर चांगला होता आणि श्रीकृष्ण नावाचा त्याचा दोस्त वाईट. शेवटी चांगल्यानं वाईटाला मारायचं, असं होतं. पण त्याच आठवड्यात शहरातल्या टॉकीजला त्या दोघांचा जुना चित्रपट लागला होता, आणि त्यात सगळं उलट होतं! त्यात श्रीकृष्ण गरिबांचा कैवारी, आणि त्याचा सख्खा भाऊ झालेला रघुवीर त्याला पाठीमागून येऊन मारतो. सगळ्या इंदूरनं तो पाहिला होता. सगळ्या इंदूरचे दात रघुवीरवर होते. खरं तर दोघं एका ताटात जेवणारे.

नेहमीचा सामान सांभाळणारा माणूस मराठी होता, पण तो तापानं फणफणला होता. म्हणून चार दिवसांपूर्वी जवळच्या बेटमा गावचा गेंदालाल कामाला लावला होता. गरीब, भला माणूस. त्याला मराठीचा गंध नव्हता. सकाळी मला खांबात फेकायचा शॉट झाला, तेव्हा पेच घट्ट होता. दुपारी पोटात मारायचा शॉट, म्हणून गेंदालालनं सांगितल्याप्रमाणं पेच ढिला केला. सगळं ठीक होतं. पण मध्येच ढग आले, आणि दिग्दर्शक कुणाला तरी म्हणाले, की ऊन नीट पडलं तर खांबाचा शॉट पुन्हा घेऊ. हे गेंदालालच्या कानावर गेलं.

रघुवीर खुर्चीवर बसला होता. त्यानं डावा तळहात पसरला. उजव्या हातानं मला उगारलं. आणि नेमक्या त्याच क्षणी अंबिका समोर येऊन म्हणाली, “तुम्ही खरे कोण? मारणारे की वाचवणारे?”

त्यानं मला खाली घेतलं. पसरलेला तळहात मिटला.

“कुणी पाठवलं तुला?”

“कुणी नाही.”

“मग त्या दोराशी दोघी कशाला खिदळतायत?”

“त्या… त्या तशाच आहेत.”

तो हसला. “परवा टॉकीजला गेली होतीस?”

“हो! बापरे, काय वाईट आहात तुम्ही! रमाच्या काकूंनी तर पडद्यावर चप्पल फेकली.”

“पडद्याला लागली नाही ना?”

“नाही. पुढच्या टकल्या माणसाला लागली.”

तो इतका मोठ्यानं हसला, की त्याचा फेटा सुटला. इतक्यात पलीकडून ओरड झाली, “रघुवीरजी, जल्दी! धूप जा रही है!” तो उठला. “शॉट झाला, की सांगतो हं तुला. इथंच थांब.” दोन्ही हात फेट्याला लागले, तसं त्यानं मला मुठीकडून गेंदालालपुढं धरलं आणि फेट्याचं टोक दातात धरून विचारलं,

“पेच कसा?”

मित्रांनो, जरा थांबा. हे दोन शब्द नीट ऐका. तुमच्या घरी आई विचारते, भात कसा? बाबा विचारतात, पेपर कसा गेला? तसंच रघुवीरनं विचारलं, पेच कसा? म्हणजे, पेच कसा आहे, ठीक आहे ना? पण गेंदालालच्या हिंदीत ‘कसा’ म्हणजे आवळला. त्याला ऐकू आलं, पेच आवळला का? नसला तर आवळ! बिचारा गडबडला. माझ्या बुडावर त्याचा अंगठा दोनदा घुटमळला. त्याला वाटलं, ऊन पडलंय, तेव्हा खांबाचाच शॉट असणार, आणि साहेब रागावतायत. त्यानं खिशातून पक्कड काढली. करकर, करकर. दोन वेढे. “जी साब. अब बढिया.”

रघुवीरनं फेटा खोचत मला घेतलं. पेच बघितला नाही. तळहातावर मारलं नाही. त्याच्या हाताला घाम होता.

मी ओरडलो असतो हो! पण लोखंडाला तोंड कुठं असतं?

श्रीकृष्ण गरजत धावून आला. त्याच्या अंगरख्याखाली लाल रंगाची पिशवी होती. रघुवीरनं त्याचा वार चुकवला, त्याला मानेला धरून वळवलं आणि मला पूर्ण ताकदीनं पोटात खुपसलं. मी सवयीनं मुठीत शिरायला गेलो. पाच वर्षं हेच केलं होतं. दुसऱ्याच्या पोटात जायचं नाटक करून स्वतःच्याच पोटात जायचं. त्या दिवशी मला आत जाता येईना. पेचानं मला धरून ठेवलं होतं. आधी पिशवी फुटली. मग कापड. मग कातडी, आणि पुढं काहीतरी मऊ, ऊन, धडधडतं. मी पहिल्यांदाच खरा आत गेलो, अगदी मुठीपर्यंत.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

श्रीकृष्णचे डोळे पांढरे झाले, तोंडातून आवाज फुटेना, गुडघे मोडले. “वाह! क्या बात है!” दिग्दर्शक ओरडले. लाल रंग तर वाहायलाच हवा होता, तो वाहत होता. फक्त रघुवीरला कळलं. पिशवीतला रंग गार असतो आणि हे ऊन होतं. “बंद करा! अरे, बंद करा!” तो किंचाळला. त्यानं मला उपसून बाहेर काढलं, आणि तेच चुकलं. माझ्यामागोमाग रक्ताची अशी चिळकांडी उडाली, की समोरच्या कॅमेऱ्याची काच लाल झाली. टाळ्या थांबल्या.

गिरणीची पहिली पाळी नुकतीच सुटली होती. दोराबाहेर पाच-सातशे माणसं होती. कुणीतरी एकच वाक्य बोललं, “अरे, टॉकीजवाला इच है! सच्ची में मार दिया भिया ने!” बस्स. दोर तुटला. पहिला दगड रघुवीरच्या कानशिलावर बसला. दुसऱ्यानं दात पाडले. तो श्रीकृष्णच्या जखमेवर फेटा दाबून धरत होता, त्याला त्याच्यावरून ओढून काढलं. कुणी लाथ घातली, कुणी लोखंडी स्टँड हाणला. हात मोडल्याचा आवाज मी ऐकला, वाळकी फांदी मोडावी तसा. “गद्दार! भाई को मारा!” अरे, भाऊ कुणाचा? सिनेमातला! ज्या हातांनी शिपायाच्या दारात नारळ फोडले तेच हात आता त्याचं डोकं फोडत होते. मी चिखलात पडलो होतो आणि माझ्यावरून चपला, जोडे, अनवाणी पाय जात होते.

मग लाल पंचा बांधलेल्या एका दांडग्या माणसानं मला उचललं. “इसी का खंजर, इसी के पेट में!”

मी पुन्हा वर गेलो. खाली रघुवीर होता, एक डोळा सुजून बंद झालेला. ज्यानं मला घडवून घेतलं त्याच्याच पोटात आता मला जायचं होतं. आणि माझा पेच अजून घट्ट होता!

तेवढ्यात त्या माणसाच्या मनगटात दात रुतले. छोटे, पांढरे, कडक दात. अंबिका! तिनं त्याला असं चावलं, की तो बैलासारखा ओरडला आणि मी सुटलो. त्यानं तिला झटकलं, ती खांबावर आपटली, भुवई फुटली. पण तोवर मी तिच्या दप्तरात होतो. पोलिसांच्या शिट्या वाजल्या. पोरगी उठली आणि जी पळाली, ती थेट रामबागेतल्या आपल्या घरी.

दोन दिवस मी तिच्या भूमितीच्या वहीत गुंडाळलेला होतो. वर्तुळांवर आणि त्रिकोणांवर रक्त वाळून काळं पडत होतं, आणि माझ्या पात्यावर गंज धरायला लागला होता. शनिवारपर्यंत रघुवीर रोज मला खोबरेल तेल लावायचा. त्याची आठवण यायची. अंबिका मध्येच दप्तर उघडायची, मला बघायची आणि पटकन मिटायची. घरात तिनं सांगितलं होतं, शाळेच्या पायरीवर पडले.

सोमवारी सकाळी तिचे वडील अच्युतराव मोठ्यानं वर्तमानपत्र वाचत होते. ते सचिवालयात कारकून. आई, कुमुदिनीबाई, स्टोव्हवर चहा करत होत्या.

“ऐकलंस का? तो श्रीकृष्ण अजून शुद्धीवर नाही. गेला तर पोलिसांनी धरलेल्या त्या रघुवीरला फाशीच. आणि आता तर पुरावाच आला. तो सामानवाला, गेंदालाल, त्यानं जबाब दिलाय. म्हणतो, साहेबांनी मला स्वतः सांगितलं, पेच कस. पक्कड लावून मी कसला. आणि हा बहाद्दर काय म्हणतो? मी फक्त विचारलं, पेच कसा आहे! आता असं कोण ऐकून घेणार? चेहराच बघा ना त्याचा टॉकीजमध्ये.”

“पण त्यांनी विचारलंच होतं!”

अच्युतरावांनी पेपर खाली घेतला. अंबिका उभी होती. भुवईवरची पट्टी, हातात दप्तर. मग तिनं सगळं सांगितलं. पैज, दोर, प्रश्न, पेच, चावा. आणि भूमितीच्या वहीतून मला काढून चहाच्या कपांशेजारी ठेवलं.

कुमुदिनीबाईंनी आधी तिच्या कानाखाली एक वाजवली. मग तिलाच छातीशी धरून रडल्या. मग पुन्हा एक वाजवली. “रक्ताचं हत्यार घरात! देवाच्या कोनाड्याखाली! मेले, तुला काही झालं असतं म्हणजे?”

“हे आत्ताच्या आत्ता विहिरीत टाकतो,” अच्युतराव म्हणाले. “आणि तू शनिवारी तिथं नव्हतीस. समजलं? मी सरकारी नोकर आहे. ठाणेदार पहिला प्रश्न काय विचारेल? मुली, दोराच्या आत तू काय करत होतीस?”

“सांगेन. पैज लावून गेले होते.”

“उद्या पेपरात नाव येईल!” आई म्हणाली. “सिनेमाच्या नटाशी गप्पा मारणारी मुलगी! मग कोण स्थळ आणतंय बघू.”

“नाही आणलं तर नाही. टकला नवरा तरी टळेल!”

“अंबे!”

“बाबा, त्यांनी विचारलं होतं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. ते सांगणं नव्हतं.”

“दोन शब्द, पोरी! त्या दोन शब्दांत विचारणं कुठलं आणि सांगणं कुठलं, हे तू कोर्टाला कसं पटवणार? पाचशे माणसांनी वार पाहिला. आणि माझी मुलगी म्हणणार, सूर वेगळा होता?”

अच्युतरावांनी माझ्याकडं हात पुढं केला. मला वाटलं, संपलं. विहीर आता दूर नाही. इतक्यात अंबिकेचं लक्ष स्टोव्हकडं गेलं. तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. ती आईकडं वळली आणि अगदी रघुवीरसारखी, पदराचं टोक दातात धरून म्हणाली,

“आई, पेच कसा?”

“कसला? स्टोव्हचा?” आई नाक ओढत म्हणाल्या. “आहे बरा. जरा गळतोय मेला.”

अंबिकेनं चहाचं भांडं उतरवलं, फुंकर मारून स्टोव्ह विझवला आणि उचलून थेट दारात गेली. दारात गेंदालालसारखाच हिंदी बोलणारा दूधवाला भिया नुकताच बरणी टेकवत होता. तिनं स्टोव्ह त्याच्यापुढं धरला. पदर दातात. तोच आवाज, तोच सूर.

“भिया, पेच कसा?”

“नी कसा क्या, बाई?” दूधवाल्यानं बरणी खाली ठेवली, टाकीच्या पेचाला हात घातला आणि दात खाऊन आवळला. “लो, कस दिया. अब नी गिरेगा तेल. दूध कित्ता दूँ?”

अच्युतराव पेपर हातात धरून तसेच उभे राहिले. दूधवाला दूध घालून गेला.

“दोघंही खरं बोलतायत,” शेवटी ते पुटपुटले. “तो गेंदालालही आणि हाही.”

त्यांनी मला उचललं. माझ्या पेचाला बोट लावणार, तोच अंबिका ओरडली, “नको! तो आहे तसाच राहू द्या. कुणी ढिला करायचा नाही, कुणी पुसायचा नाही.”

मित्रांनो, माझं सांगणं एवढंच आहे. मला तेल नको, कौतुक नको. गंज चढला तर चढू दे, या रक्तासकट मला कुठं नेऊन ठेवतील तिथं मी पडून राहीन. पण तुमच्या हाती कुणी हत्यार दिलं, तर दुसऱ्याच्या ‘बढिया’वर जाऊ नका, स्वतःच्या तळहातावर आधी मारून बघा. आणि आपल्या या शहरात एकाच तोंडात दोन-तीन भाषा नांदतात, तेव्हा शब्दही तसाच हातावर मारून बघत जा. पडद्यावरच्या दुष्टाला पोटभर शिव्या द्या. त्याला त्या आवडतात. पण दगड उचलण्याआधी बघा, की तो पडद्यावरचा आहे, की कुणाच्या तरी जखमेवर आपला फेटा दाबून बसलेला आहे.

कुमुदिनीबाईंनी लेकीचा हात धरला होता. “तो प्रश्न तू विचारला नसतास, तर त्यानं हातावर बघितलं असतं. हे ठाणेदारानं तुझ्याच तोंडून काढलं म्हणजे? दोष तुझ्यावर येईल गं.”

“काढायला कशाला हवं? मी आधी तेच सांगणार आहे.” अंबिकेनं वेणी मागं टाकली. तिनं मला वहीत गुंडाळलं, वही दप्तरात घातली आणि चपला पायांत सरकवल्या.

“आई, बाबा, मी शाळेत जात नाहीये. मी कोतवालीत चाललेय, साक्ष द्यायला. तुम्ही दोघं येणार असाल तर टांगा बोलवा. नाहीतर रस्ता मला माहीत आहे.”